साखळीपाशी उतरणारा अमीर

माझी गाठ एका झटक्यात सुटायची. बढाई नाही मारत, पालेर्मोच्या गोदीत कुणालाही विचारा. या बल्लाराने बांधलेला बंद वाऱ्याने सुटत नाही, पण माणसाने टोक ओढलं की लगेच मोकळा होतो, असं उस्ताद खलफ स्वतः म्हणाले होते. उस्ताद खलफ म्हणजे गोदीचे मुख्य. चाळीस वर्षं गलबतं बांधली त्यांनी, आणि तोंडातून कौतुकाचा शब्द काढायचा म्हणजे त्यांना दाढ उपटल्यासारखं व्हायचं. ते म्हणाले म्हणजे खरंच असणार.

माझं काम निशाणाचं. अमीराचं निशाण मी शिवायचे. आधी माझी सासू शिवायची, तिचे डोळे गेले तसं दाभण माझ्या हातात आलं.

आता ही हल्लीची पोरं अमीर म्हटलं की समुद्राकडे बोट दाखवतात. अमीर म्हणजे म्हणे आरमाराचा धनी. परवा जेनोआचे व्यापारी आले होते, त्यांनीही आपल्या आरमाराच्या प्रमुखाला हेच नाव दिलंय. मागे शेपूट लावून अमीराल की काय म्हणतात. घ्या! यांना वाटतं हा शब्द माशासारखा पाण्यातच जन्मला. डोंबल! माझ्या आज्याच्या वेळी अमीर म्हणजे शहराचा मालक. वेशीवर बसायचा, बाजारातली भांडणं तोडायचा, पाटाचं पाणी कुणी किती घ्यायचं ते ठरवायचा. त्याच्या पायाला पाणी लागायचं ते नमाजाआधी हातपाय धुताना, तेवढंच. मग फिरंगी आले. त्यांनी शहर घेतलं, महाल घेतले, मोठ्या मशिदीवर घंटा टांगली, पण अमीर हा शब्द काही त्यांना टाकवेना. लोक त्या शब्दाला घाबरतात हे त्यांनी पाहिलं असणार. मग त्यांनी आपल्याच माणसांना अमीर करायला सुरुवात केली. कधी ग्रीक, कधी फिरंगी. शहर त्याच्याकडे, शहराच्या रानातलं लाकूड त्याच्याकडे, म्हणून त्या लाकडाची गलबतंही त्याच्याकडे. असं करत करत, वल्ह्याचं कुठलं टोक पाण्यात घालायचं हे ज्याला ठाऊक नाही तो आरमाराचा धनी होऊन बसला.

बरं, धनी झाला तरी पाण्यावर जायचा का? नाव नको.

आरमार निघायच्या दिवशी पहिल्या गलबतावर त्याचं निशाण चढायचं. डोलकाठी आडवी पाडलेली असतानाच मी तिच्या टोकाला पाच बंदांनी निशाण बांधायचे. उस्ताद खलफ समोर उभे राहून बघायचे, मग काठी उभी व्हायची. हे काम शिवणाऱ्या बाईनेच करायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मग अमीर चढायचा. शिंगं वाजायची, वल्ही पडायची, आणि गलबत बंदराच्या तोंडाशी जायचं. तिथे दोन बुरुजांच्या मध्ये जाडजूड लोखंडी साखळी असते. गलबतं जाण्यासाठी ती पाण्याखाली सोडलेली असायची. त्या साखळीपाशी पहिलं गलबत थांबायचं. एक खलाशी वर चढून पाच टोकं ओढायचा. निशाण खाली यायचं, घडी होऊन अमीराच्या मांडीवर जायचं, आणि अमीर लहान होडीत उतरून घरी. आरमार पुढे समुद्रात. कारण काय, तर जिथे निशाण तिथे अमीर, आणि अमीर हा शहराचा.

माझा नवरा हम्मूद पहिल्या गलबताचं सुकाणू धरायचा. ज्या दिवसाची गोष्ट मी सांगणार आहे, त्याच्या अकरा वर्षं आधीची ही हकिकत. निघायचा दिवस राजवाड्यात ठरला होता. सकाळी दक्षिणेचा उबदार वारा सुटला होता. जमिनीवरच्या माणसाला हा वारा फार आवडतो. पाठीवरून हात फिरवावा तसा येतो, गलबतांना आपणहून बाहेर ढकलतो. पण वारा असा असेल आणि उत्तरेच्या डोंगराने डोक्यावर ढगाची टोपी घातली असेल, तर एका दिवसाच्या आत हा वारा थांबतो आणि वायव्येकडून दुसरा येतो. तो पाठीवरून हात फिरवत नाही. गोदीतल्या कुत्र्यांनाही हे माहीत आहे.

तेव्हाचा अमीर साखळीपाशी उतरला. दुपारी त्याच्या घरी भरली वांगी होती, हे मला नंतर त्याच्या स्वयंपाकिणीने सांगितलं. दहा गलबतं गेली, सहा आली. हम्मूदचं आलं नाही. त्याच्या गलबतावरचा एक खलाशी फळी धरून तरला. तो मला म्हणाला, "वहिनी, डोंगराला वळसा घातला तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं. हम्मूदभाई तीनदा मागे वळून शहराकडे बघत होता. पण परत फिरा, असं म्हणायचं कुणी?"

खरंच, कुणी? अमीराच्या हुकमाशिवाय परत फिरलेल्या नाखव्याला गोदीच्या फाटकावर लटकवायचे. आणि हुकूम देणारा तर जेवायला बसला होता.

मखलूफ तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याच्या आधीचं माझं मूल पाळण्यातच गेलं, त्याच्या बदल्यात अल्लाने हा दिला, म्हणून नाव मखलूफ. न्हाव्याचं काम शीक, साबण उकळ, लिंबाच्या बागेत जा, काय काय सांगून पाहिलं मी त्याला. ऐकेल तर शपथ. विसाव्या वर्षी बापाच्याच जागी, पहिल्या गलबताच्या सुकाणूवर जाऊन उभा राहिला. मी दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी. तिसऱ्या दिवशी भूक लागली असेल म्हणून बोलले.

त्याच वर्षी नवा अमीर आला. लिओंतिओस त्याचं नाव, ग्रीक, दरबारात कारकुनी करत वर चढलेला. सडपातळ, स्वच्छ, अंगाला शाईचा वास. वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकते. पण कागदाचं वेड फार. आल्या आल्या त्याने गोदीतल्या म्हाताऱ्यांना बोलावून सगळ्या रीती विचारून घेतल्या आणि राज्यात चालणाऱ्या तिन्ही लिप्यांत लिहून काढल्या. मग आम्हा सगळ्यांना उन्हात उभं करून वाचून दाखवल्या. निशाण जिथे असेल तिथे अमीर असेल. अमीराच्या हुकमाशिवाय कोणतंही गलबत परत फिरणार नाही. निशाण डोलकाठीवर चढल्यावर त्याला जो सुरीचं पातं लावेल, त्याने राजद्रोह केला असं समजलं जाईल.

"आता शिंकायचा नियम तेवढा राहिला," उस्ताद खलफ माझ्या कानाशी पुटपुटले.

मला हसू आलं. तेव्हा आलं.

वसंतात हुकूम निघाला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर राजाचं ठाणं होतं, तिथे धान्य पोचवायचं. बारा गलबतं, गुरुवारी सकाळी निघायचं. बुधवारी दुपारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तर गालाला ऊब लागली. दक्षिणेचा वारा. मान वर करून पाहिलं, तर डोंगराच्या डोक्यावर टोपी. हातातला ओला सदरा तसाच खाली पडला. दोन घटका मी तिथेच बसून होते.

मग उठले आणि गोदीत गेले. उस्ताद खलफ एका सांध्यात डांबर भरून घेत होते.

"उस्ताद, डोंगर बघितलात?"

"मला डोळे आहेत."

"मग?"

"मग काय वहिनी? जा, सांग राजाला, म्हणावं डोंगराने टोपी घातलीय, तुझा हुकूम गुंडाळून ठेव."

"राजाला नाही, अमीराला सांगा. तुमचं ऐकतील."

"सांगितलं मघाशीच. म्हणाले, आपलं म्हणणं लिहून द्या, दरबारात पाठवतो, चार दिवसांत उत्तर येईल." त्यांनी हातातली डांबराची काडी बादलीत फेकली. "चार दिवसांत! तोवर मासे जेवून उठतील."

म्हटलं, या उत्तरावर विसंबून उपयोग नाही. तशीच अमीराच्या कचेरीत गेले. पहारेकऱ्याने अडवलं, पण निशाणाच्या मापाचं विचारायचंय म्हटल्यावर सोडलं. लिओंतिओस मेजाशी बसून लिहीत होते. मला पाहून त्यांनी लेखणी खाली ठेवली. ही त्यांची रीत मला आवडायची.

"बोला बाई."

"हुजूर, उद्या आरमार काढू नका. दुपारी वारा फिरणार आहे."

त्यांनी खिडकीबाहेर हात काढला. "किती छान वारा आहे! असाच उद्या मिळाला तर साखळीबाहेर वल्हीही लागणार नाहीत."

"छानच असतो तो. माझ्या नवऱ्यालाही असाच छान मिळाला होता."

त्यांनी हात आत घेतला. मग म्हणाले, "मला वाईट वाटतं. पण बाई, तारीख राजाच्या शिक्क्याने आली आहे. ती बदलायला कारण दाखवावं लागतं, आणि डोंगराची टोपी हे कारण होत नाही. शिवाय पुढे हवा बिघडलीच तर माणसं निर्णय घेतीलच की."

"कोण घेईल? तुमच्या हुकमाशिवाय परत फिरायचं नाही, असं तुम्हीच वाचून दाखवलंत."

"ती जुनीच रीत आहे."

"मग जुनी रीत आहे तर तुम्हीही चला. हुकूम बरोबर असलेला बरा."

ते हसले. कुत्सितपणे नव्हे हं, खरोखरच गंमत वाटून हसले. "मी? बाई, मी मेसिनाला बैलगाडीने जातो. अमीर समुद्रावर जात नसतो."

मी सलाम केला आणि निघाले. माझ्या हम्मूदचा जीव ज्याने गेला ते वाक्य त्यांनी किती सहज म्हटलं, हेच डोक्यात घुमत होतं.

घरी मखलूफ चणे आणि कांदा घेऊन जेवत होता. मी समोर बसले.

"तू डोंगर पाहिलास का रे?"

"पाहिला."

"उद्या पोट दुखतंय म्हण. मी हकिमाला सांगते."

"अम्मा, मी नाही गेलो तर माझ्या जागी सुकाणूवर कोण उभं राहील? सालिमचा धाकटा. त्याला अजून दाढी नाही. त्याला आई नाही का?"

बापावर गेलाय मेला. त्याच्या ताटात आणखी चणे वाढले. तो जेवला, हात धुतला, आणि अंगणात पडलेला सदरा उचलून त्याने दोरीवर टाकला. त्या सदऱ्याकडे बघता बघता मला लिओंतिओसनी वाचून दाखवलेली ती तीन वाक्यं पुन्हा आठवली. एकेक करून तिन्ही मनात म्हटली. मग उठून मेणाचा गोळा शोधला आणि दोरा ओढायला बसले. दुहेरी दोरा, शिडाला वापरतात तो.

गुरुवारी सकाळी डोलकाठी आडवी होती. मी निशाण खांद्यावर टाकून गेले. लाल रेशीम, मध्ये सोनेरी सिंह. कड काठीच्या टोकाभोवती गुंडाळली. त्या टोकाला आधीच दोरखंडाचे वेढे असतात. बंद आत दुमडून टाकले, आणि दाभणाने कापड त्या वेढ्यांतून ओवून शिवायला लागले. टाका घातला की मागे घेऊन पुन्हा घालायचा. शिड वादळात फाटतं, पण हा टाका सुटत नाही.

उस्ताद खलफ समोर उभे होते. एरवी माझं काम चार वेळा हात फिरवला की संपायचं. आज ते संपेना.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "बंद कुठे आहेत?"

"आत आहेत."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग डोंगराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाठ करून, हात मागे बांधून, मोठ्याने म्हणाले, "सूर्य डोळ्यावर येतोय. मला काही नीट दिसत नाही बुवा."

नाखवा विचारायला आला, इतका वेळ का? उस्ताद त्याच्यावरच ओरडले, "कापड जुनं झालंय, ती मजबूत करतेय. भर समुद्रासमोर अमीराचं निशाण फाटलं तर तू जाब देशील?"

काठी उभी राहिली. शिंगं वाजली. सुकाणूवरून मखलूफने मला हात केला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. ताकास तूर लागू दिली नव्हती मी त्याला.

मी धक्क्यावरच उभी राहिले. पहिलं गलबत साखळीपाशी पोचलं, थांबलं. लहान होडी बाजूला लागली. एक खलाशी काठीवर चढला. बराच वेळ वर होता, मग उतरला. दुसरा चढला, तोही उतरला. धक्क्यावरची माणसं कुजबुजायला लागली. मला वाटलं आता पातं निघणार. दोन टाके कापले की झालं, निशाण खाली, अमीर खाली, माझा मुलगा पुढे, आणि मी फासावर.

मग वल्ही पडली. सगळ्या बारा गलबतांची. निशाण वरच होतं.

लहान होडी परत आली ती रिकामी. होडीवाला उतरायच्या आधीच ओरडत होता, "गेले! अमीर गेले!"

"कुठे गेले?"

"समुद्रावर! निशाण निघेचना. नाखव्याने सुरी काढली, तर अमीरच ओरडले, पातं आत ठेव, लिहिलेलं आहे! कुणी म्हणालं, सगळं गलबतच गोदीत परत नेऊ. तर म्हणे, आज निघायचं असंही लिहिलेलं आहे. आणि तिथेच दोरांच्या ढिगावर बसले. चेहरा असा पांढरा!"

लोक हसले. काही जणांची नजर माझ्याकडे वळली आणि हसणं थांबलं. मी समुद्राकडेच बघत होते. बारा शिडं डोंगराआड गेली. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. समजा तो माणूस हट्टाला पेटला, तिथेही कागदच धरून बसला, तर? तर मी आणखी एकाला बुडवलं, एवढंच होईल. उस्ताद खलफ येऊन शेजारी उभे राहिले. त्यांनी भाकरीचा तुकडा दिला, तो मी हातातच धरून ठेवला.

दुपार झाली आणि वारा पडला. एकदम पडला. दोरीवरचे कपडे, झाडं, धूर, सगळं सरळ.

"आलं," उस्ताद म्हणाले. ते वादळाबद्दल बोलत होते. पण मला डोंगराच्या कडेला लाल ठिपका दिसला.

"आलं!" मी किंचाळले. "उस्ताद, निशाण! आपलं निशाण!"

मागून एकेक करून बाकीची. मी बोटांवर मोजत होते आणि दर वेळी चुकत होते. शेवटी उस्तादांनी माझा हात धरून मोजलं. बारा. ती अर्ध्या वाटेवर असताना मागून वायव्येचा वारा आला, आणि त्यानेच त्यांना ढकलत आत आणलं. शेवटचं गलबत आत घेऊन साखळी वर ओढली, तेव्हा लाटा बुरुजाच्या डोक्यावरून उडत होत्या.

बाहेर काय झालं ते मखलूफने मला नंतर सांगितलं. डोंगराला वळसा घातला तसं समोरून मोठ्या लांब लाटा यायला लागल्या, वारा तर अजून पाठीमागूनच. अमीर तोवर तीनदा ओकले होते. त्यांनी विचारलं, "वारा तिकडून, मग लाटा इकडून कशा?"

"हुजूर, ज्याने माझा बाप बुडवला तो येण्याआधी असं होतं."

"मग तुम्ही परत का फिरत नाही?"

मखलूफने फक्त वर निशाणाकडे पाहिलं. अमीरांनीही पाहिलं. मखलूफ म्हणतो, त्यांना ते समजायला एक लाट जावी लागली. मग ते उभे राहिले, काठीला मिठी मारली आणि घसा फुटेस्तोवर ओरडले, "परत फिरा! मी सांगतो, परत फिरा!"

धक्क्यावर लागल्यावर ते खाली उतरायला निघाले. भिजलेले, हिरवे पडलेले. उस्ताद खलफ पुढे झाले आणि चेहरा अगदी गंभीर ठेवून म्हणाले, "हुजूर, निशाण अजून वर आहे."

लिओंतिओस थांबले. म्हणाले, "बरोबर आहे."

मग डोलकाठी उतरवली, पावसातून ओढत छपराखाली आणली, आणि मला बोलावणं आलं. पातं लावायचं नाही, म्हणजे सगळं सुईनेच उसवायला हवं. आणि ते संपेपर्यंत अमीरांना तिथून हलता येईना. खांद्यावर मेंढीचं कातडं घेऊन ते उलट्या टोपलीवर बसले, मी खाली जमिनीवर. मखलूफने मला पाहिलं, मग टाके पाहिले, आणि तोंड उघडं टाकून उभा राहिला. "जा, कोरडे कपडे घाल," मी म्हटलं. तो गेला. इतका धडधाकट, माझ्या डोळ्यांदेखत पाय आपटत गेला, की डोळ्यांत पाणी येऊन मला टाके दिसेनासे झाले.

"याची शिक्षा माहीत आहे?" लिओंतिओस म्हणाले.

"पातं लावलं तर राजद्रोह, हुजूर. मी सुई लावली. तीही निशाण वर चढायच्या आधी."

त्यांनी एक टाका बोटाने चाचपून पाहिला. मग म्हणाले, "सुईचं लिहायचं राहिलं माझं."

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. शिक्षा झाली नाही. पुढच्या वसंतात ते स्वतःहून गलबतावर आले, मांडीवर बादली घेऊन. साखळीपाशी गलबत थांबलं नाही. मला निरोप आला होता, निशाणाला बंद लावायचे नाहीत. सहा वर्षं ते असे ओकत ओकत आरमाराबरोबर गेले. त्यांच्यानंतर राजाने अमीर निवडताना आधी विचारलं म्हणे, याला समुद्र लागतो का? मग हळूहळू खलाशांतलेच अमीर व्हायला लागले, आणि वेशीवरची भांडणं दुसरं कुणी तोडायला लागलं. बाजारातला शब्द होता, तो पाण्यावर गेला आणि तिथेच राहिला. मखलूफला आता नातवंडं आहेत. सगळी उनाड.

पण त्या दुपारचं एक राहिलं. ते मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

मी उसवत होते. कापड ओलं होऊन आवळलं होतं, दोरा निघेना. लिओंतिओस टोपलीवरून उठले, माझ्यासमोर खाली बसले आणि त्यांनी निशाणाची कड दोन्ही हातांनी ताणून धरली, म्हणजे मला टाका दिसावा. आम्ही असे बराच वेळ काम करत होतो. त्यांना शिवणातलं काही कळत नव्हतं, पण सांगू तसं धरत होते.

"तुमचा मुलगा म्हणाला, त्याच्या बापाच्या वेळीही असाच दिवस होता."

"हो हुजूर."

"आणि अमीर साखळीपाशी उतरले."

"हो."

"त्या दिवशी निशाण कुणी बांधलं होतं?"

माझी सुई थांबली. अकरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सासूनेही नाही, मखलूफनेही नाही. सगळ्यांनी अमीराला शिव्या दिल्या, मीही दिल्या, सगळ्यांत जास्त मीच दिल्या.

"मीच," मी म्हटलं. "पाच बंद होते. मलाही डोंगराची टोपी दिसली होती. पण काम चांगलं करायची मला हौस होती ना हुजूर. खलाशाने टोकं ओढली आणि पाचही एका झटक्यात सुटले. उस्ताद खलफ म्हणाले, वा, अशी गाठ मी जन्मात पाहिली नाही. मी दिवसभर त्याच आनंदात होते."

मग मला रडू आलं. अकरा वर्षांचं एकदम आलं. लिओंतिओसनी कड सोडली नाही. माझं थांबेपर्यंत ते तशीच ताणून धरून बसले, आणि थांबल्यावर मी पुढचा टाका उसवायला घेतला.